मेंदूत टाकी नसते

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मनोविकार ओपीडीत पस्तिशीच्या एक ताई सासूबाईंसोबत आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांना मी ओळखत होतो. सहा महिन्यांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा जेवण तुटले होते, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नव्हता, ‘जगून काय करायचं’ हे वाक्य दिवसातून अनेकदा तोंडी येत होते. नैराश्याचे निदान झाले, गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत त्या शेतावर जाऊ लागल्या, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेलाही जाऊन आल्या. आणि आता पुन्हा त्याच अवस्थेत माझ्यासमोर बसल्या होत्या.

“गोळी कधी बंद केली?” मी विचारले. उत्तर सासूबाईंनी दिले. “साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना, डोक्यातलं रसायन कमी झालंय, गोळीनं ते भरून निघेल. पोरगी हसायला लागली, कामाला लागली. म्हटलं, भरलं असेल. भरलेल्या टाकीत पाणी कशाला ओतायचं?”

गोळी एकदम थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात त्या ताईंना चक्कर आली, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे झाले, कारण नसताना चिडचिड झाली. ते ओसरले. पण पुढच्या महिन्या-दीड महिन्यात जुने दुखणे पावलापावलाने परत आले.

सासूबाईंच्या तर्कात मला एकही चूक काढता येईना. चूक मी सांगितलेल्या गोष्टीत होती. गेली पंचवीसेक वर्षे मी हेच सांगत आलो आहे. ‘मेंदूत काही रसायने असतात, त्यांचा समतोल बिघडतो, गोळी तो समतोल साधते.’ ओपीडीत रांग लागलेली असते, एका रुग्णाला चार मिनिटेही मिळत नाहीत, तेव्हा हे वाक्य फार कामाला येते. त्याने रुग्णाच्या मनावरचा दोष उतरतो. ‘मन खंबीर नाही म्हणून असं होतं’ म्हणणाऱ्या नातेवाइकांची तोंडे बंद होतात. पण हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि त्याच्या खोट्या अर्ध्यामुळे माणसे आजारी पडतात. म्हणून मनोविकारांची औषधे मेंदूत नेमके काय करतात, हे आज जरा सविस्तर सांगायचे आहे.

‘कमतरते’ची गोष्ट आली कुठून?

या गोष्टीचा एक धागा आपल्याच मातीतला आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे वेड, निद्रानाश यांवर शतकानुशतके वापरली जात होती. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्या गुणांवर लेख लिहिला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अनुभव मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील रेसरपिन हा घटक वेगळा काढला. रेसरपिन मेंदूच्या पेशींमधील सेरोटोनिन, डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिनचा साठा रिकामा करते, असे पुढे दिसले. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांना उदासीने घेरल्याच्या नोंदीही झाल्या.

त्याच सुमारास, १९५२ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाच्या नव्या औषधाची चाचणी चालली होती. ते घेणाऱ्या क्षयरोग्यांची भूक वाढली, ते वॉर्डात हसू-बोलू लागले. हे औषध याच रसायनांचे विघटन रोखते, म्हणजे ती वाढवते, असे लक्षात आले. एक औषध रसायने घटवते आणि माणूस उदास होतो, दुसरे ती वाढवते आणि माणूस खुलतो. यावरून १९६०च्या दशकात एक सिद्धान्त मांडला गेला, की नैराश्य म्हणजे या रसायनांची कमतरता. १९८७च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या औषधाला मान्यता मिळाली आणि ‘सेरोटोनिन कमी झाले आहे’ हे वाक्य तिथल्या जाहिरातींतून, मासिकांतून आणि आमच्यासारख्या डॉक्टरांच्या तोंडून जगभर पसरले.

सिद्धान्त त्या काळाच्या मानाने हुशारीचा होता. त्यातून पुढचे बरेच संशोधन झाले. पण त्यात एक उडी आहे. पॅरासिटामॉल घेतल्यावर ताप उतरतो, म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने आला असे आपण म्हणत नाही. औषध एखादे रसायन वाढवून आराम देते, एवढ्यावरून आजार त्या रसायनाच्या तुटवड्याने झाला, असे सिद्ध होत नाही.

रुग्ण मला अनेकदा म्हणतात, “साहेब, एकदा रक्त तपासून बघा ना, कोणतं रसायन कमी आहे ते.” तशी तपासणीच नाही. शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यांत तयार होते. ते रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ओलांडून मेंदूत जात नाही. रक्तातल्या सेरोटोनिनच्या आकड्यावरून मेंदूतले काही कळत नाही. म्हणूनच ‘मधुमेहात इन्सुलिन, तशी तुम्हाला ही गोळी’ ही आमची लाडकी तुलनाही लंगडी आहे. मधुमेहात साखर मोजता येते आणि ती पाहून मात्रा ठरवता येते. नैराश्यात आम्ही झोप, भूक, काम, मनातले विचार आणि चेहरा पाहतो, त्यावरून निदान करतो.

२०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तोवरच्या अनेक पाहण्यांचा एकत्र आढावा घेतला आणि नैराश्य हे सेरोटोनिन कमी झाल्यामुळे होते याला सातत्यपूर्ण पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यावर जगभर मथळे झळकले. ‘मग या गोळ्या घ्यायच्या कशाला?’ असे फोन मलाही आले. इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. आजार कशामुळे झाला हा एक प्रश्न, आणि औषधाने बरे वाटते का हा दुसरा. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. ते वेदना नेमकी कशी कमी करते हे १९७१ मध्ये समजले. मधली सत्तर वर्षे लोकांची डोकेदुखी थांबत होतीच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चाचण्यांनी दिले आहे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजार ४७७ रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेली सर्व २१ नैराश्यरोधक औषधे प्रौढांमध्ये नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. हा फरक सरासरीने माफक आहे, हेही सांगायला हवे. काहींना औषधाने नवा जन्म मिळाल्यासारखे वाटते, काहींना थोडे बरे वाटते, काहींना पहिल्या औषधाने काहीच होत नाही आणि दुसरे शोधावे लागते.

पाणी आज, पीक नंतर

मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीला निरोप द्यायचा असला की ती या फटीत रासायनिक दूत सोडते. सेरोटोनिन, डोपामिन, गाबा, ग्लुटामेट ही अशा दूतांची नावे. पलीकडच्या पेशीवर त्यांच्यासाठी ठरावीक जागा असतात, त्यांना ग्राहक म्हणू. दूत ग्राहकावर टेकला की निरोप पोचतो. काम झाले की पहिली पेशी बराचसा दूत परत आत खेचून घेते.

आमची ताई शेतकरी घरातली होती, म्हणून मी तिला आणि तिच्या सासूबाईंना टाकीऐवजी पाटाच्या पाण्याची गोष्ट सांगितली. पाटाला पाणी सुटते, वाफ्यात शिरते आणि पलीकडच्या वाटेने निघून जाते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या बाहेरून पाणी आणून ओतत नाहीत. त्यांच्यात सेरोटोनिनचा कणही नसतो. त्या फक्त पाणी परत जाण्याच्या वाटेवर बांध घालतात. मेंदूने स्वतःच सोडलेले सेरोटोनिन फटीत जास्त वेळ राहते आणि निरोप जास्त वेळ पोचत राहतो.

हा बांध पहिली गोळी घेतल्यावर काही तासांतच पडतो. मग बरे वाटायला दोन ते सहा आठवडे का लागतात? नुसता तुटवडाच भरायचा असता तर तहानलेल्याला पाणी मिळावे तसे तासाभरात बरे वाटायला हवे होते. पण वाफ्यात पाणी साचल्याचे मेंदूला कळते आणि तो वरून येणारा प्रवाह आवळतो. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवर स्वतःचेच प्रमाण मोजणारे ग्राहक असतात. ते ‘फार झाले’ असा इशारा देतात आणि पेशी आपला वेग कमी करतात. दोन-तीन आठवड्यांत हे मोजणारे ग्राहक बोथट होतात, प्रवाह पुन्हा मोकळा होतो. त्यानंतर पलीकडच्या पेशींमध्ये बदल सुरू होतात. कोणती जनुके चालू राहायची, कोणती प्रथिने बनायची, पेशींमधल्या जोडण्या किती घट्ट व्हायच्या, हे बदलत जाते. यातले बरेचसे प्राण्यांवरील प्रयोगांतून कळले आहे. पाणी दिले त्या दिवशी पीक उभे राहत नाही. मुळे धरावी लागतात.

हे समजले की रुग्णाला दोन गोष्टी उमगतात. पहिली म्हणजे, दुसऱ्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून गोळी सोडणे हे पेरून आठवड्याने शेत नांगरून टाकण्यासारखे आहे. दुसरी म्हणजे, सुरुवातीचे त्रास आधी आणि फायदा नंतर असे का होते. सेरोटोनिनचे ग्राहक आतड्यांतही असल्यामुळे पहिल्या आठवड्यात मळमळ होते, पोट बिघडते. काहींना थोडे दिवस अस्वस्थता वाढते. बहुतेकांचे हे त्रास आठ-दहा दिवसांत कमी होतात. लैंगिक इच्छा किंवा क्षमता कमी होण्याचा त्रास मात्र टिकून राहू शकतो. आपल्याकडे तो कोणी सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही. मग रुग्ण मुकाट्याने गोळी बंद करतो. त्यावर मात्रा किंवा औषध बदलण्याचे उपाय आहेत, पण त्यासाठी कोणीतरी तोंड उघडायला हवे.

दोन इशारे इथेच देतो. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्या काळात घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि लवकर पुन्हा दाखवावे. आणि ज्यांना पूर्वी कधी अति-उत्साहाचा, झोप न लागता भराभर बोलण्याचा, उधळपट्टीचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. अशा रुग्णांना नुसती नैराश्याची गोळी दिली तर ती दुसऱ्या टोकाला नेऊ शकते.

सगळ्या ‘डोक्याच्या गोळ्या’ एक नव्हेत

आपल्याकडे मनोविकाराच्या प्रत्येक औषधाला ‘झोपेची गोळी’ म्हणतात. या एका शब्दाने फार नुकसान केले आहे. मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी ही औषधे आहेत, आणि त्यांचे धोकेही वेगळे आहेत.

भास होणे, कोणीतरी पाळतीवर आहे असे ठामपणे वाटणे, यांवरची औषधे डोपामिनच्या ग्राहकांवर बसतात आणि निरोपाचा जोर कमी करतात. यातले पहिले औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये पॅरिसमध्ये मनोरुग्णांवर वापरले गेले. मेंदूच्या स्कॅनवरून आज असे दिसते, की मेंदूच्या गाभ्यातले साधारण ६५ ते ८० टक्के ग्राहक व्यापले गेले की फायदा होतो आणि ८० टक्क्यांच्या वर गेले की शरीर ताठरते, हात थरथरतात, चाल मंदावते. हे सारे कंपवातासारखे दिसते आणि त्याचे कारणही तसेच आहे. कंपवातात डोपामिन कमी पडते. तिथे डोपामिन वाढवणारे लेव्होडोपा दिले की हालचाल सुधारते, पण काही रुग्णांना भास होऊ लागतात. एकाच दूताची ही दोन टोके आहेत. म्हणून मात्रा ठरवणे हे तारेवरचे काम आहे. ‘गोळ्यांनी आमचा मुलगा लाकडासारखा झाला’ अशी तक्रार आली तर ती ऐकून घ्यायची, मात्रा कमी करायची किंवा औषध बदलायचे. ‘असं होतंच’ म्हणून सोडून द्यायचे नाही. ओलान्झापिनसारख्या नव्या औषधांनी ताठरपणा कमी येतो, पण वजन आणि साखर वाढू शकते. म्हणून अशा रुग्णाचे वजन, कंबरेचा घेर आणि रक्तातील साखर तपासणे हेदेखील मनोविकारतज्ज्ञाचे काम आहे.

खरी झोपेची किंवा चिंतेची गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम यांचा गट. गाबा हा मेंदूला शांत करणारा दूत आहे. या गोळ्या गाबाच्या ग्राहकाला जास्त संवेदनशील करतात. त्यांना आठवडे लागत नाहीत, अर्ध्या-एक तासात गुण येतो. म्हणूनच त्या आवडतात, आणि म्हणूनच धोक्याच्या आहेत. रोज घेतल्या तर काही आठवड्यांत मेंदू त्यांना सरावतो. तेवढ्याच शांततेसाठी जास्त मात्रा लागते, आणि एकदम बंद केल्या तर झोप उडते, थरकाप होतो, क्वचित आकडी येते. ‘सवय लागते’ ही लोकांच्या मनातली भीती या गटाबाबत पूर्ण खरी आहे. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम औषध कायद्याच्या एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराने नोंद ठेवायची असते. तरीही मला दर आठवड्याला असे कोणीतरी भेटतेच, जे ‘अर्धी गोळी’ पाच-सात वर्षे स्वतःच्या मनाने घेत आहे. गंमत अशी, की हेच लोक नैराश्याच्या गोळीला ‘सवय लागेल’ म्हणून नकार देतात.

आणि लिथियम. हा एक साधा क्षार आहे. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये तो उन्मादाच्या रुग्णांवर वापरला. कोणाच्याही मेंदूत ‘लिथियमची कमतरता’ नसते. तरी उन्माद आणि नैराश्य यांच्या हेलकाव्यांना आवर घालणारे आणि आत्महत्या कमी करणारे असे याच्याइतके पारखलेले औषध क्वचितच आहे. ते कोणत्याही दूताच्या जागी बसत नाही. पेशीच्या आत जाऊन निरोपाचे पुढे काय करायचे, ती यंत्रणा बदलते. याची मात्रा मात्र रक्त तपासूनच ठरते. रक्तात साधारण ०.६ ते १.० एवढे प्रमाण हवे असते, १.५ च्या वर ते विषारी ठरू लागते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम फार गेला, पावसाळ्यात जुलाब लागले, किंवा अंगदुखीसाठी दुकानातून आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून खाल्ले, तर हे प्रमाण वाढू शकते. लिथियम घेणाऱ्याचे हात जोरात थरथरू लागले, बोलणे अडखळले, उलट्या झाल्या, तर थांबून पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बंद करण्याचीही एक पद्धत

आता पुन्हा त्या सासूबाईंच्या प्रश्नाकडे. बरे वाटल्यावर गोळी चालू का ठेवायची?

गोळीच्या साथीने मेंदूने आपली घडी नव्याने बसवलेली असते. ती घडी पक्की व्हायला वेळ द्यावा लागतो. नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर पूर्ण बरे वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे, अशी पद्धत आहे. पुन्हा पुन्हा झटके येत असतील तर जास्त काळ. आणि बंद करताना बांध एकदम फोडायचा नसतो, तो थोडा थोडा खाली आणायचा असतो. एकदम बंद केल्यावर येणारी चक्कर, झटके, चिडचिड ही व्यसनाची खूण नव्हे. दारूसारखी ओढ किंवा मात्रा वाढवत नेण्याची गरज इथे नसते. पण सरावलेल्या मेंदूला बसलेला तो धक्का असतो आणि तो खरा असतो. आम्ही डॉक्टरांनी बरीच वर्षे त्याला ‘मनाचे खेळ’ म्हटले, ते चुकले. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळते, त्यामुळे ते सोडताना त्रास कमी. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन लवकर उतरतात, तिथे त्रास जास्त. ज्यांनी वर्षानुवर्षे औषध घेतले आहे, त्यांना कमी करायला काही महिनेही लागू शकतात.

आयुष्यभर घ्यावे लागेल का? याचे प्रामाणिक उत्तर आकड्यांत देता येते. २०२१ मध्ये इंग्लंडमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ नैराश्यरोधक घेणाऱ्या आणि आता बरे असलेल्या ४७८ जणांपैकी काहींचे औषध हळूहळू बंद केले, काहींचे चालू ठेवले. वर्षभरात औषध बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना नैराश्य परतले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. म्हणजे औषधाने धोका घटतो, पण संपत नाही. आणि बंद करणाऱ्यांपैकी जवळपास ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले. म्हणून ‘कधीच बंद करू नका’ हेही खोटे आणि ‘बरं वाटलं की बंद करा’ हेही. स्किझोफ्रेनियात मात्र पारडे जास्त झुकलेले आहे. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या एकत्रित आढाव्यात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला, तर औषधाऐवजी दिखाऊ गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. तिथे घरच्यांनी मनाने गोळी थांबवणे म्हणजे जाणूनबुजून पुरात उतरणे आहे.

गोळी संपली, म्हणजे काय झाले?

आतापर्यंत रुग्णाने गोळी बंद करण्याविषयी लिहिले. पण सरकारी रुग्णालयात आयुष्य काढलेल्या माणसाने दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. आमच्याकडे येणारा रुग्ण बहुधा मजुरी बुडवून, एसटीने पन्नास-साठ किलोमीटर येतो. खिडकीवर त्याला कधी महिन्याच्या, कधी पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात, आणि कधी ‘स्टॉक नाही, बाहेरून घ्या’ असे उत्तर मिळते. तो बाहेरून घेत नाही. त्याला परवडत नाही. मेंदूच्या दृष्टीने रुग्णाने मनाने गोळी सोडणे आणि खिडकीवर गोळी संपणे यांत काडीचाही फरक नाही. बांध दोन्हींत एकदमच फुटतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याबाबत स्पष्ट आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादीतील मनोविकारांची औषधे शासकीय आरोग्य संस्थांमध्ये, आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर, सर्व काळ आणि मोफत मिळाली पाहिजेत. ‘सर्व काळ’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. क्षयरोगाची औषधे संपली की बातमी होते, चौकशी होते, आणि तसे व्हायलाच हवे. एस्सिटालोप्राम किंवा रिस्पेरिडोन संपले तर कोणी विचारतही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचे दिसले होते. जे थोडे लोक एवढे अडथळे पार करून आमच्यापर्यंत पोचतात, त्यांची गोळी साठ्याअभावी तुटणे ही किरकोळ गैरसोय नाही. तो उपचारातला दोष आहे आणि त्याची नोंद तशीच झाली पाहिजे. औषधसाठ्याचा हिशेब मागताना आमदार-खासदारांनी, जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी सर्पदंशाच्या लसीबरोबर या गोळ्यांचाही हिशेब मागावा.

दुसरी मागणी वेळेची आहे. गोळी लिहायला अर्धे मिनिट लागते. ती काय करते, गुण कधी येईल, त्रास काय होईल आणि कशी थांबवायची, हे सांगायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे डॉक्टरकडे नसतील तर समुपदेशक, समाजसेवा अधीक्षक किंवा परिचारिका यांच्याकडे तरी हवीत. आणि गोळीबरोबर बोलण्याचे उपचार, घरातल्या ताणावर मार्ग, झोप, व्यायाम, दारू सोडणे हेही हवे. पाणी कितीही वेळेवर दिले तरी शेतात तण माजलेले असेल तर पीक येत नाही. ज्यांना जवळपास कोणीच तज्ज्ञ नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. मराठीतही बोलता येते.

ज्या वाचकांच्या किंवा त्यांच्या घरातल्या कोणाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना एकच विनंती. हा लेख वाचून गोळी बंद करू नका, वाढवू नका, बदलू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा चार प्रश्न विचारा. ही गोळी कोणत्या गटातली आहे? गुण कधी येईल? कोणता त्रास झाला तर लगेच यायचे? आणि ती थांबवायची तर केव्हा आणि कशी? उत्तर न देणाऱ्या डॉक्टरला पुन्हा विचारा. तो तुमचा हक्क आहे.

त्या ताईंची गोळी आम्ही पुन्हा सुरू केली. या वेळी बरे वाटायला अडीच महिने लागले, पहिल्यापेक्षा जास्त. आता सासूबाई महिन्याच्या ठरलेल्या दिवशी त्यांना घेऊन येतात. मागच्या खेपेला त्यांनी विचारले, “साहेब, मुळं धरली का आता?”

“धरताहेत,” मी म्हणालो. “अजून पाणी तोडायचं नाही.”